डावा पाय, उजवा पाय

माझी आजी सनातनी होती. मुष्टियुद्धात ज्या पद्धतीने उभे राहायला मी प्रथम शिकलो, तिलाही इंग्रजीत ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनीच म्हणतात. या दोन सनातन्यांच्या कचाट्यात माझा डावा हात कसा सापडला, त्याने एकदा आपली सुटका कशी करून घेतली आणि त्या सुटकेची किंमत भलत्यानेच कशी भरली, त्याची ही हकीगत आहे. ती सांगायला मला अडतीस वर्षे लागली.

मी जन्माचा डावरा. पानावर बसलो की डावा हात भाताकडे जाई आणि आजीचा उजवा हात माझ्या मनगटावर येई. तेवढ्याने भागेना, तेव्हा तिने आपल्या जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडली आणि जेवणापुरता माझा डावा हात कमरेशी बांधून टाकला. तिच्या मनात दुष्टावा मुळीच नव्हता. जेवण झाले की तीच पट्टी सोडून त्या हाताला ती मायेने चोळीत असे. पण देवाला फूल वाहायचे ते उजव्या हाताने, दक्षिणा घ्यायची ती उजव्या हाताने, आणि नातवाला चार माणसांत जेवायला बसवायचे तर तेही उजव्याच हाताने, हे तिच्या लेखी ठरलेले होते. एकट्या आजीला तरी दोष काय द्यावा? आपली भाषाच पाहा. देवाने उजवा कौल दिला की काम फत्ते. मुलीचे लग्न केले की ती 'उजवली'. आणि एखाद्याला बाजूला सारले की तो 'डावलला'. डाव्या हातावर जन्मलेल्या पोराने या भाषेत तोंड उघडायचे तरी कसे? सातव्या वर्षापर्यंत मी उजव्या हाताने जेवू लागलो, लिहू लागलो आणि घरात सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डावा हात मात्र काही विसरला नव्हता. तो गप्प बसून होता एवढेच.

आम्ही ओझरचे. म्हणजे मूळचे नव्हे. नाशिकहून आग्रा रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की ओझर लागते. तिथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना उभा राहिला आणि मिग-२१ विमाने बांधण्याचे काम सुरू झाले. त्या कामावर दूरदूरची माणसे आली, त्यात माझे वडील होते. या कारखान्याने गावाचे नावच बदलले. बाहेरगावची माणसे अजून 'ओझर मिग' असेच म्हणतात. त्यामुळे ओझरची दोन ओझरे झाली. एक वसाहतीचे, सरळ रस्ते, सारखी घरे, सकाळचा भोंगा आणि डोक्यावरून छताची कौले थरथरवीत जाणारे विमान. दुसरे बाणगंगेच्या काठचे; चंपाषष्ठीला खंडोबाची यात्रा भरवणारे, बारागाडे ओढणारे आणि कुस्त्यांच्या फडासाठी वर्षभर पोरांना तालमीत घोळवणारे. वसाहतीतली पोरे क्रिकेट खेळत आणि गावातली पोरे लाल मातीत लोळत. मुष्टियुद्ध यांपैकी कुणाचेच नव्हते. ते आमच्याकडे आले एका निवृत्त सुभेदारसाहेबांच्या ट्रंकेतून.

सुभेदारसाहेब साताऱ्याकडचे. सैन्यात बरीच वर्षे मुष्टियुद्ध खेळलेले आणि पुढे शिकवलेले. निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे ओझरला आले आणि महिनाभरातच रिकामपणाला कंटाळले. त्यांनी नदीकडच्या एका पडीक तुकड्यावर चार खांब रोवले, त्यांना काथ्याचा दोर बांधला आणि झाला आखाडा. लाकडी भुसा आणि चिंध्या भरलेले एक पोते बाभळीला टांगले. ग्लोव्ह्जच्या तीन जोड्या होत्या, त्यांतल्या एकीची शिवण उसवलेली. आणि डोक्याला घालायचे कातडी टोप फक्त एक. एवढ्या भांडवलावर त्यांनी आम्हा दहा-बारा पोरांना रोज पहाटे पाचला उभे करायला सुरुवात केली. ज्यांना निफाड तालुक्याची थंडी ठाऊक आहे, त्यांना डिसेंबरातले पहाटेचे पाच म्हणजे काय हे सांगायला नको.

बोलताना ते सातारी मराठी आणि लष्करी हिंदी यांची अशी काही भेळ करीत की नवख्या माणसाला दोन्ही भाषा आल्या तरी ती कळू नये. सराव संपला की ते गोष्टी सांगत. त्यांची आवडती गोष्ट मुरलीकांत पेटकरांची. सांगली जिल्ह्यातला हा गडी सैन्यात मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जबर जायबंदी झाला. पाय गेले, तर तो पोहायला लागला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आला. आज पेटकरांना पद्मश्री मिळून बरीच वर्षे झाली, त्यांच्यावर चित्रपट निघाला. पण १९८७ साली आमच्या भागात हे नाव सुभेदारसाहेबांखेरीज कुणाच्या तोंडी मी ऐकले नाही. गोष्ट संपली की ते हटकून म्हणत, "पाय असताना नीट उभं राहायला काय होतंय तुम्हाला?"

कारण त्यांचे सगळे शास्त्र पायांत होते. ज्यांनी कधी ठोसा मारला नाही अशा वाचकांनी क्षणभर उभे राहून पाहावे. उजव्या हाताचा माणूस डावा पाय पुढे टाकतो, उजवा मागे ठेवतो. डावा हात पुढे. तो टोचतो, चाचपतो, अंतर मोजतो. उजवा हात हनुवटीजवळ दबा धरून असतो आणि मागच्या पायाच्या चवड्यापासून उठलेला जोर कंबर, खांदा करीत करीत त्याच्या मुठीत येतो. ठोसा हाताने मारतात ही अडाण्यांची समजूत आहे. ठोसा जमिनीतून निघतो. हा झाला सनातनी पवित्रा. डावरा माणूस नेमके उलटे करतो: उजवा पाय पुढे, उजवा हात टोचायला, आणि मागे दडलेला डावा हात खरा घाव घालायला. त्याला साउथपॉ म्हणतात. माणसांत डावरी दहांत एखादेच. त्यामुळे सगळे लढवय्ये आयुष्यभर सनातन्यांशी खेळून तयार होतात आणि एक दिवस समोर आरशातल्यासारखा उलटा माणूस उभा राहिला की त्यांची भंबेरी उडते.

सुभेदारसाहेबांनी माझे गुपित तिसऱ्याच दिवशी ओळखले. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे एक पेरू फेकला. मी झेलला.

"किस हाथ से पकडा?"

मी हाताकडे पाहिले. डाव्या हाताने.

मला वाटले, आता हे माझा पाय बदलणार. पण त्यांनी पेरू परत घेतला, त्याची एक फोड मला दिली आणि म्हणाले, "राहू दे तसंच. जोराचा हात पुढं असला तर वाईट नाही." यात तथ्य होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. ऑस्कर दे ला होया आणि मिगेल कोटो हे दोघे पुढे जगज्जेते झाले. दोघेही डावरे, दोघेही सनातनी पवित्र्यात उभे राहणारे, आणि दोघांच्याही पुढच्या हाताची समोरच्याला दहशत. पण त्या दिवशी माझ्या मनात आले ते एवढेच की, आजीची पट्टी इथेही आलीच.

माझा जोडीदार गावातला होता. घरची शेती, वडील लवकर गेलेले, आई आणि धाकट्या दोन बहिणी. आमचे वजन सारखे, चोपन्न किलोच्या आतबाहेर, म्हणून सुभेदारसाहेबांनी आमची जोडी लावली. त्याचा उजवा ठोसा कुदळीच्या घावासारखा येई. सरळ, कसलाही आव न आणता. तो सावकाश बोले, सावकाश हसे, आणि ठोसा लागला की आधी "लागलं का रे?" असे विचारी. त्याबद्दल त्याने सुभेदारसाहेबांच्या शिव्या मनसोक्त खाल्ल्या. पहाटेचा सराव आटोपला की तो मला त्यांच्या मळ्यावर नेई आणि त्याची आई आम्हा दोघांना एकाच थाळीत बाजरीची भाकरी वाढी. तिथे मी डाव्या हाताने जेवत असे. कुणी काही म्हणत नसे.

त्याला सैन्यात जायचे होते. शेती पाण्याअभावी कोरडी. वाघाड धरणाचे पाणी त्या वेळी कालव्याच्या शेपटाकडच्या आमच्या ओझरपर्यंत नीट पोचतच नव्हते. भरतीत खेळाडूला थोडा मान मिळतो, हे सुभेदारसाहेबांनी सांगितले होते आणि त्यांची ओळखही होती. भरतीची धावपळ त्याने पार केली. आता राहिली होती वैद्यकीय तपासणी.

त्याच वर्षी एप्रिलच्या ६ तारखेला अमेरिकेत लास व्हेगासला मार्व्हिन हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड यांची लढत झाली. मजकूर वर्तमानपत्रातून आमच्यापर्यंत आला आणि सुभेदारसाहेबांनी तो आम्हाला समजावून सांगितला. हॅगलर हा मध्यम वजनाचा जगज्जेता. जन्माने उजव्या हाताचा, पण उभा राहायचा डावऱ्यासारखा, आणि मनात आले की लढता लढता पाय बदलायचा. लेनर्ड पाच वर्षांत एकदाच दोरांच्या आत उतरलेला. १९८२ साली त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता आणि शस्त्रक्रिया करून तो बसवलेला. सगळ्यांना वाटले, हॅगलर त्याला खाणार. पण हॅगलर सुरुवातीच्या फेऱ्यांत सनातनी पवित्र्यात उतरला. त्या फेऱ्या हातच्या गेल्या. नंतर तो आपल्या नेहमीच्या उभे राहण्यावर आला, पण बारा फेऱ्यांअंती तीन पंचांपैकी दोघांनी लेनर्डला कौल दिला. हॅगलर त्यानंतर पुन्हा कधी लढला नाही.

सुभेदारसाहेबांनी यातून काढायचा तो अर्थ काढला: आपले पाय सोडू नयेत. मी मात्र माझा अर्थ काढला. एक माणूस दोन्हीकडून उभा राहू शकतो! मला रात्री झोप येईना. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी, वसाहतीच्या टोकाला एका पडक्या खोलीच्या भिंतीपाशी, मी एकटाच उजवा पाय पुढे टाकून उभा राहू लागलो.

काय सांगू तुम्हाला! घट्ट बुटात वर्षानुवर्षे कोंडलेले पाऊल एकदम मोकळ्या मातीवर पडावे तसे झाले. मागचा डावा हात सुटला की भिंतीवरची सावली दचके. पण सोपे नव्हते. नुसते उलटे उभे राहून भागत नाही. डोके कोणत्या बाजूला झुकवायचे, हनुवटी कोणत्या खांद्याआड दडवायची, सगळे उलटे शिकावे लागते. आणि मुख्य अडचण मधल्या क्षणाची. डाव्या पायावरून उजव्या पायावर यायचे तर मध्ये एक निमिष असे येते की दोन्ही पावले एका रेषेत असतात, छाती सबंध समोर, जोर कोणत्याच पायावर नाही. त्या निमिषात लहान मूलही तुम्हाला ढकलून पाडील. जाणते लोक म्हणून उभ्या उभ्या पाय बदलीत नाहीत. ठोसा मारता मारता मागचा पाय पुढे टाकतात, किंवा माघार घेताना पुढचा पाय मागे नेतात. हॅगलरने हे जन्मभर केले. मी सहा महिने भिंतीशी केले. भिंत उलटून मारीत नाही, हा तिच्यातला मोठा दोष.

नोव्हेंबरात सुभेदारसाहेबांनी जाहीर केले की पुढच्या रविवारी आम्हा दोघांची तीन फेऱ्यांची लढत होईल. जो बरा ठरेल त्याला ते पुण्याच्या निवड चाचणीला आपल्या खर्चाने नेतील. शनिवारी संध्याकाळी आम्ही बाणगंगेच्या काठावर बसलो होतो. तो म्हणाला, "उद्या जरा हळूच घेऊ. पुण्याला तूच जा लेका, मला काय करायचंय? माझी मेडिकल आहे गुरुवारी. नाकबिक फुटलं तर पंचाईत."

"बरं," मी म्हणालो.

"तोंडावर जोरात नाही. तूही नाही, मीही नाही."

"बरं म्हटलं ना."

एवढेच ठरले. हातावर हात मारला नाही, शपथ घेतली नाही. मित्रांत कोण घेतो?

रविवारी सकाळी मात्र भलतेच झाले. कुणीतरी बातमी फोडली आणि वसाहतीतून पन्नास-साठ माणसे आली. माझे वडील आले. ते कधी येत नसत. गावाकडची मंडळी बांधावर बसली. टोप एकच होते. एकालाच देणे बरे नव्हे म्हणून सुभेदारसाहेबांनी ते बाजूला ठेवून दिले.

पहिली फेरी ठरल्याप्रमाणे झाली. दुसऱ्या फेरीत त्याचा पुढचा हात माझ्या छातीवर, खांद्यावर, पोटावर असा बेमालूम येऊ लागला की प्रत्येक वेळी मी एक पाऊल मागे. तो हळूच मारीत होता. पण लोकांना ते काय ठाऊक! बांधावरून हसण्याचा आवाज आला. वसाहतीतला कुणीतरी माझ्या वडिलांना म्हणाला, "तुमचा पोरगा नाचतोय छान." वडील काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवे होते, असे मला त्या वेळी वाटले. आता वाटते, कुणी काही बोलले असते म्हणून मी तसे केले नसते, असे थोडेच आहे!

तिसऱ्या फेरीच्या मध्याला मी पाय बदलला. मारता मारता नाही, मागे जाता जाता नाही. उभ्या उभ्या, शिकाऊ माणसासारखा. मला आठवते, पायाखालची वाळू किरकिरली. मग उजवा पाय पुढे होता, डावा हात मागे होता आणि समोर तो होता. दोन उलटे पवित्रे समोरासमोर आले की पुढचे दोन्ही हात एकमेकांत अडकतात. पण मागच्या हाताला मधोमध मोकळी वाट मिळते. त्या वाटेने माझा डावा हात गेला. बाळपणापासून कमरेशी बांधलेला तो हात. तो जितक्या जोराने जाऊ शकत होता तितक्या जोराने गेला. मी आवरला नाही. आवरता आला नाही असे लिहिणार होतो. पण ते खरे नाही.

डाव्या हाताचा सरळ ठोसा समोरच्याच्या उजव्या बाजूला लागतो. तो त्याच्या उजव्या डोळ्यावर लागला. तो पडला नाही. खाली बसला, ग्लोव्ह डोळ्यावर धरला आणि सवयीने म्हणाला, "लागलं का रे?" मग स्वतःच हसला. लोकांनाही हसू आले. माझे वडील टाळ्या वाजवीत होते.

सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. नुसते पाहिले.

दोन दिवसांनी त्याला डोळ्यापुढे काळे ठिपके आणि कडेने पडदा ओढल्यासारखे दिसू लागले. नाशिकच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवले. डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, डोळा वाचला, पण नजर अर्धीमुर्धीच परत आली. सैन्यात उजवा डोळा म्हणजे बंदुकीचा डोळा. गुरुवारची तपासणी मुंबईच्या इस्पितळातच येऊन गेली आणि पुढे तपासणीचा प्रश्नच उरला नाही. मला लेनर्डची आठवण होई. त्याचाही पडदा सुटला होता. तो पुन्हा उभा राहिला आणि जिंकला. पण ओझरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आणि लास व्हेगासचा लेनर्ड यांत अंतर फक्त समुद्राचे नव्हते.

मी पुण्याला गेलो नाही. ग्लोव्ह्ज सुभेदारसाहेबांच्या ओट्यावर ठेवून आलो. आयटीआय केले आणि नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो. वर्षभराने सुभेदारसाहेबही सातारला परत गेले आणि आखाड्याच्या खांबांचे पुढे कुणीतरी सरपण केले.

आमची मैत्री मात्र मोडली नाही, याचेच लोकांना नवल वाटेल. त्याच्या लग्नात मी वाढप केले. माझ्या मुलीच्या बारशाला तो भाजीची पाटी घेऊन आला. ओझरच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या आणि वाघाडचे पाणी शेपटापर्यंत आणले, तेव्हा त्याच्याही शेताला पाणी आले आणि त्याने द्राक्षे लावली. दिवस बरे आले. एकमेकांच्या घरी आम्ही शेकडो वेळा जेवलो असू. पण त्या रविवारविषयी एक शब्द त्याने काढला नाही आणि मी काढला नाही. बोलताना तो मान किंचित उजवीकडे वळवतो, चांगला डोळा समोरच्यावर यावा म्हणून. पाहुण्यांना वाटते, ही त्याची लकब आहे.

माझ्या मुलीची मुलगी दहा वर्षांची आहे आणि डावरी आहे. तिला कुणी बांधले नाही. ती डाव्या हाताने लिहिते, डाव्या हाताने जेवते आणि गेल्या वर्षापासून नाशिकला मुष्टियुद्ध शिकायला जाते. तिच्या खोलीत मेरी कोमचे चित्र आहे. सहा वेळा जगज्जेती झालेली आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन आलेली ही बाई उजवा पाय पुढे ठेवून लढली, हे नातीनेच मला सांगितले. जणू काही मला ठाऊकच नव्हते! दिवाळीच्या सुट्टीला ओझरला आली ती तक्रार घेऊनच. तिला दोन्हीकडून लढायचे होते. २०२५ च्या सप्टेंबरात टेरेन्स क्रॉफर्डने कॅनेलो अल्वारेझला हरवले, ते तिने मोबाइलवर दहा वेळा पाहिले होते. क्रॉफर्ड म्हणजे दोन्ही पवित्र्यांत सारखाच रमणारा माणूस. शिकवणारे म्हणत होते, अजून लहान आहेस, आधी एक पाय पक्का कर. मला ते पटत होते. पण ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही दोन्हीकडून लढायचात ना? आई म्हणत होती."

माझ्या मुलीला हे कुणी सांगितले असेल? घरात मी कधी बोललो नव्हतो. वडिलांनी सांगितले असणार. टाळ्या वाजवलेल्या त्यांना जन्मभर आठवत होत्या.

मी म्हणालो, "मला काही येत नाही. चल, येणाऱ्या माणसाकडे जाऊ."

आम्ही स्कूटरवरून मळ्यावर गेलो तेव्हा त्याची छाटणी चालू होती. द्राक्षवाल्यांच्या भाषेत वेलीवरच्या कोंबाच्या जागेला डोळा म्हणतात. किती डोळे राखायचे, किती कापायचे, यावर सगळे वर्ष अवलंबून. तो मान उजवीकडे वळवून एकेक काडी धरीत होता, डोळे मोजीत होता आणि कात्री चालवीत होता. इतक्या वर्षांत हे दृश्य मी किती वेळा पाहिले असेल. पण प्रत्येक वेळी मी दुसरीकडे पाहतो.

नातीने भीडभाड न ठेवता आपला प्रश्न मांडला. त्याने कात्री खिशात घातली, तिला दोन ओळींमधल्या मोकळ्या मातीत उभे केले आणि म्हणाला, "मार बघू."

ती उजवा पाय पुढे टाकून उभी राहिली. त्याने हाताचे तळवे पुढे धरले. ती मारू लागली. चपळ आहे पोरगी. मग त्याने सांगितले, "आता बदल." तिने जागच्या जागी उडी मारून पाय बदलले. त्याने एका बोटाने तिच्या छातीला टेकवले आणि ती मागे मातीत बसली.

"पाह्यलं? असं बदलू नाय. बदलताना माणूस सगळा उघडा पडतो. मारीत मारीत बदलायचं. डावा मारला की त्याच्याबरोबर डावा पाय पुढं. मंग समोरच्याला वाटतं तू मारायलाच आली, अन् तवर तू बदललेली."

त्याने स्वतः करून दाखवले. साठीला आलेला माणूस, पायात मातीने भरलेल्या चपला. पण पाऊल असे पडले की वेलीवरचे पानही हलू नये. त्याला हे कोणी शिकवले? सुभेदारसाहेबांनी तर नाही. मी विचारले, "तुला हे कसं येतं?"

"तू भिंतीपाशी करायचा ना, तव्हा पाहायचो मी. गुरं घेऊन यायचो तिकडून. मंग घरी येऊन करून पाहायचो. तू चुकीचं करत होता लेका."

मी काही बोललो नाही. तो नातीकडे वळला. "तुझ्या आजानं लढतीत पण तसंच केलं. उभ्या उभ्या. पायाखाली वाळू वाजली तव्हाच मला कळलं, ह्यानं बदललं. सगळा उघडा होता. माझा उजवा असा तयार होता." त्याने उजवी मूठ हनुवटीपाशी नेली. ती मूठ अजून कुदळीसारखीच दिसत होती.

"मग मारला का नाही?" नात म्हणाली.

"ठरलं होतं ना आमचं," तो म्हणाला आणि खिशातून कात्री काढली. "चल, दाखव पुन्हा. डावा हात, डावा पाय."

तिने दहा वेळा केले, वीस वेळा केले. ऊन उतरले. त्याच्या सूनबाईंनी चहा आणला. भाव, पाऊस, औषधांच्या किमती असे बोलणे झाले. निघताना त्याने नातीच्या हातात एक पेरू ठेवला. तिने तो डाव्या हाताने घेतला आणि खायला लागली.

परत येताना ती मागे बसून विचारीत होती, "आजोबा, काय ठरलं होतं तुमचं?" मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तिने तीनदा विचारले. मी गाडी कडेला घेतली, उतरलो आणि तिला सांगितले.